डोंगर कोसळायच्या आधी बोलू
(मे महिन्यात वाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



पाऊस तोंडावर आलाय. घरं शाकारायची कामं टाकून तुम्ही आलात, म्हणून थोडक्यात बोलतो.

३० जुलै २०२४ ला माळीणच्या दुर्घटनेला दहा वर्षं झाली. आंबेगाव तालुक्यातलं हे महादेव कोळ्यांचं गाव. २०१४ साली आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिला होता. सकाळी डोंगर खाली आला. एस.टी.च्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेर बातमी गेली. १५१ माणसं गेली.

मग इर्शाळवाडी, खालापूर तालुक्यातली ठाकरांची वाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मशीन वर जाईना, माणसांनी कुदळ-फावड्यानं माती उपसली. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नावच नव्हतं.

बाहेरचे म्हणतात, आदिवासींनीच डोंगर पोखरला. आपली पडकई काय असते? चार घरं मिळून, दगडाचे बांध रचून, हातानं थोडं थोडं खाचर करायचं. माळीणनंतर वाद झाला तो मशीन लावून उतार सपाट करण्यावर. हातानं रचलेला बांध आणि मशीननं कापलेला डोंगर एका मापानं मोजू नका, एवढंच आमचं म्हणणं.

आता आपल्या वाडीचं. मागच्या पावसात वरच्या अंगाला भेग पडली. काठी घातली तर हातभर आत गेली. आम्ही सांगायला गेलो, तर एका कचेरीनं दुसरीकडं धाडलं. दुसरीनं सांगितलं, तुमच्या घरांची नोंदच नाही. नोंद नाही तर यादीत नाव कुठून येणार?

म्हणून दाव्याचं काम आता टाळू नका. वनहक्काचा दावा फक्त शेताचा नसतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण वनजमिनीवर राहतोय, तर घराखालच्या जागेचाही दावा करता येतो. रस्त्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आतली वनजमीन मागता येते. अनुसूचित क्षेत्रात घरांसाठी जवळची वनजमीन मिळावी, अशी राज्यपालांची अधिसूचना २०२० साली निघाली आहे. हे कागद ग्रामसभेनं मागायचे.

म्हातारी माणसं म्हणतात, आमचे देव इथं, आम्ही हलणार नाही. त्यांचं चुकत नाही. शेतापासून तोडलं तर खायचं काय? आमडे इथं नवं माळीण बांधलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं दिली. जूनच्या पावसातच तिथं रस्ते खचले, भेगा पडल्या. म्हणून जागा दुसऱ्यानं दाखवायची नाही. पाणी कुठं मुरतं, कुठली जमीन घट्ट, हे आपल्या जाणत्यांना ठाऊक आहे. त्यांनी जागा दाखवायची, भूगर्भवाल्यांनी तपासायची, मग ग्रामसभेनं ठरवायचं.

तोवर तीन कामं. एक, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या आणि दर आठ दिवसांनी अंतर मोजून वहीत लिहायचं. दोन, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं कलली, दारं चौकटीत अडकायला लागली, तर वाट बघायची नाही. लेकरं, म्हातारी, गरोदर बाया आधी बाहेर. तीन, झड लागली की वरच्या आठ घरांनी रात्री खाली झोपायला यायचं. खालच्या घरांनी ओटा मोकळा ठेवायचा. यात कसली लाज नाही.

माळीणच्या माणसांना असं बसून ठरवायला वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळालाय. ठराव आज लिहू, सह्या-अंगठे आजच करू.

जोहार!