हरलेल्याने जागा सोडायची

(रौप्यमहोत्सवी सप्ताहातील 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या आधी बागकाम आणि नाणेसंग्रह झाला. माझा विषय जाहीर झाल्यावर मागच्या खुर्च्यांवरून 'अरे देवा' असं ऐकू आलंच! विषय आहे मारामारीचे जुने व्हिडिओ गेम. दोन खेळाडू, दोन कंट्रोलर, एक पडदा आणि पडद्यावर समोरासमोर उभे दोन पहिलवान. क्लबहाऊसमध्ये मुलांना असे गेम खेळू द्यावेत का, हा मुद्दा येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्यामुळे छंदाबद्दल बोलताना आज थोडी वकिलीही करणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 'स्ट्रीट फायटर टू'. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९१ मध्ये नाण्यांवर चालणाऱ्या मशीनसाठी काढला आणि १९९२ मध्ये तो सुपर निंटेंडो या घरच्या कन्सोलवर आला. निवडायला आठ लढवय्ये. सहा बटणं, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. हलकी, मध्यम आणि जोरदार. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की सामना तुमचा.

त्या आठांत एक भारतीय आहे, धालसिम. योगी माणूस, पण हातपाय रबरासारखे लांब होतात, तोंडातून आग निघते, गळ्यात कवट्यांची माळ आणि मागे हत्तींची रांग! योग म्हटल्यावर जपानी चित्रकारांच्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहिलं, ते यावरून कळतं. मात्र हा बाबा लढतो तो आपल्या गरीब गावासाठी पैसे मिळवायला. आणि त्याच्या मुलाचं नाव आहे दत्ता. आता बोला!

या गेमच्या जन्माची एक गंमत सांगतो. मध्ये एक बोनस फेरी असते, त्यात मोटार फोडायची असते. ती तपासताना नोरिताका फुनामिझू या निर्मात्याच्या लक्षात आलं की नेमक्या क्षणी बटण दाबलं तर एका फटक्याला दुसरा जोडता येतो आणि समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण इतकी अचूक वेळ साधणं फारसं कुणाला जमणार नाही, म्हणून ते तसंच राहू दिलं. पोरांना ते जमलं! आज मुलं ज्याला 'कॉम्बो' म्हणतात, तो असा रुजला.

आता मुख्य आक्षेप. 'यात डोकं कुठे लागतं? नुसती बटणं बडवायची!' आपल्याकडे कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. डावाला प्रतिडाव असतो, तसंच इथे. कळ मागे ओढून धरली की बचाव होतो, ठोसा लागत नाही. पण नुसता बचाव करत बसलात, तर समोरचा जवळ येऊन तुम्हाला धरून आपटतो. पकडीपुढे बचाव चालत नाही. आणि तो धरायला येतोय हे ओळखून तुम्ही आधीच ठोसा मारलात, तर त्याची पकड फसते. ठोशाला बचाव, बचावाला पकड, पकडीला ठोसा. सगळा खेळ या तीन गोष्टींभोवती फिरतो.

बरं, हे पाहून करू म्हणाल तर वेळ नाही. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं सरकतात. हलका ठोसा चार-पाच चित्रांत येऊन लागतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला बारा-पंधरा चित्रांइतका वेळ लागतो. म्हणजे समोरचा काय करणार, हे त्याने करण्याआधीच ओळखायला हवं. जपानी खेळाडूंनी याला शब्द दिलाय 'योमी', म्हणजे वाचन. घाबरला की हा उडी मारतो, एकदा साधलेला डाव लगेच पुन्हा टाकतो, हे सगळं वाचायचं. वाचायचं म्हणजे शेजारच्या माणसाला.

म्हणूनच या खेळाला रीतभात आली. न्यूयॉर्कच्या चायनाटाउन फेअरसारख्या ठिकाणी गर्दीतली पोरं मशीनवर नाणं ठेवून आपला नंबर लावत. जिंकलेला खेळत राहायचा, हरलेल्याने जागा सोडायची आणि पुन्हा रांगेत. ज्यांची शाळा नव्वदच्या दशकात झाली, त्यांना आपल्याकडची व्हिडिओ गेम पार्लरं आठवत असतील, आणि घरी कॅसेटमध्ये फुंकर मारून सुरू होणारे गेमही. चार जणांत एक कंट्रोलर फुकट मिळत नसे. हरल्यावर तो पुढच्याच्या हातात द्यावाच लागे, सगळ्यांसमोर.

त्याच चायनाटाउन फेअरमध्ये तयार झालेला जस्टिन वाँग आणि जपानचा दाइगो उमेहारा २००४ मध्ये कॅलिफोर्नियात 'इव्हो' स्पर्धेत समोरासमोर आले. गेम होता 'स्ट्रीट फायटर थ्री'. दाइगोच्या खेळाडूची शक्ती संपत आलेली, साधा बचाव केला तरी तो संपला असता. वाँगने १५ फटक्यांचा महाडाव टाकला. प्रत्येक फटका लागायच्या क्षणी कळ पुढे टेकवली तर तो झेलता येतो, एक जरी चुकला तरी खेळ खलास. दाइगोने पंधराही झेलले आणि उलट मारून फेरी जिंकली! ते चित्रीकरण आजही लोक पाहतात. पण पुढचं फार कमी जण सांगतात: त्या वर्षी दाइगो अंतिम सामन्यात हरला. नंतर काही काळ त्याने खेळणं सोडलं आणि वृद्धांच्या देखभालीचं काम केलं. मग परत आला आणि पुन्हा जिंकू लागला.

आता रक्ताचा प्रश्न. तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. शिकागोच्या मिडवे कंपनीने १९९२ मध्ये 'मॉर्टल काँबॅट' काढला. खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून बनवलेले लढवय्ये, आणि शेवटी हरलेल्याचा बीभत्स वध. घरी आणताना निंटेंडोने रक्ताच्या जागी घाम दाखवला. सेगाच्या कन्सोलवर मात्र एक गुप्त संकेत दाबला की रक्त दिसे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे यावर सुनावणी झाली, आणि १९९४ मध्ये गेमच्या खोक्यावर वयोगट छापायची पद्धत तिथे सुरू झाली. म्हणजे पालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यातून निघालेला उपायही बरा होता: सरसकट बंदी न घालता, कुठला गेम कुठल्या वयाला, हे लिहा.

तेच मी समितीला सुचवतो. वयोगट पाहून दोन-तीन गेम निवडा, रक्तवाले बाद. शनिवार-रविवारी संध्याकाळी दोन तास, आवाज बेताचा, एक पालक हजर. टीव्ही आहेच, आणि कॅरमच्या टेबलाशेजारी जागाही आहे. नियम एकच, हरलेल्याने जागा सोडायची.

कारण आपल्या पंचवीस वर्षांत एक गोष्ट बदललीय. पोरं आजही खेळतात, पण प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या फोनवर. हरलं की गेम बंद करायचा. कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. ए विंगच्या पोराला बी विंगच्या पोराचं नाव माहीत नसतं. शेजारी बसून, खांद्याला खांदा लावून हरणं आणि 'परत ये, बघतो तुला' म्हणत हसणं, हे फोन शिकवत नाही. मला भीती पडद्यावरच्या ठोशांची कमी वाटते, या एकट्या खोल्यांची जास्त.

आणि ज्येष्ठांनो, हे फक्त पोरांचं आहे असं समजू नका. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, तिथे 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. वय वर्षं ४४! तेव्हा काका-काकूंनीही यावं. हात बसेपर्यंत पोरं सांभाळून घेतील. त्यानंतर मात्र दयामाया नाही.

सभेत हात वर करताना एवढं लक्षात असू द्या.