कागदावरचा अहवाल आणि कबुलीचा शब्द

आजचा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजातही बोलला जात नाही. हर्पीस. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सरपटणं. आपल्या ‘सर्प’ शब्दाचाच तो भाऊबंद. म्हणून कुणाला नागीण आठवेल. पण नागिणीचा विषाणू याच कुळातला असला तरी निराळा आहे.

हर्पीसचे दोन प्रकार. पहिला बहुधा तापानंतर ओठावर उठणाऱ्या फोडांतून दिसतो आणि लहानपणी घरच्यांच्या मुक्यातूनही येतो. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांत पहिला प्रकार आहे; १५ ते ४९ वयाच्या सुमारे १३ टक्के लोकांत दुसरा. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो.

आता तो कागद वाचू या. रक्ततपासणीत विषाणू सापडत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं उभी केलेली प्रतिपिंडं सापडतात. ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह आलं म्हणजे लागण ताजी, असं नाही. ही तपासणी भरवशाची मानली जात नाही. ‘आयजीजी’ अधिक उपयोगी, पण प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला बारा आठवडे किंवा अधिकही लागू शकतात. दुसऱ्या प्रकाराचा आकडा पॉझिटिव्हच्या रेषेच्या जरासाच वर, तीनच्या आत असेल, तर तो खोटा निघण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी. अंगावर फोड असेल तर त्यातल्या स्रावाची पीसीआर तपासणी सर्वांत चांगली.

आणि हा कागद एक गोष्ट कधीच सांगत नाही: लागण कधी झाली, कुणाकडून झाली. गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ तपासणीचा अहवाल हाती धरून सुनेच्या चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

आता तरुणांची खरी धास्ती. “माझ्याशी लग्न कोण करील?” हा विषाणू शरीरातून जात नाही, हे खरं. पण असायक्लोव्हीर, व्हॅलासायक्लोव्हीर यांसारख्या गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुसऱ्या प्रकाराची लागण असलेल्यांनी व्हॅलासायक्लोव्हीर रोज घेतल्यावर जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यानं घटली. निरोधनं धोका आणखी कमी होतो, शून्य होत नाही. फोड असताना किंवा येण्याआधीची चुणचुण जाणवताना संबंध टाळावा. मुलंबाळंही होतात, गरोदरपणी डॉक्टरांना आधीच सांगावं म्हणजे झालं.

उरतो सांगण्याचा प्रश्न. आमच्याकडे निकाहात ‘कबूल’ म्हणतात. आपण काय कबूल करतो आहोत हे ठाऊक असेल, तरच त्या शब्दाला वजन. म्हणून लग्न ठरवण्याआधी, जवळीक होण्याआधी, दोघांनीच शांतपणे बसून बोलावं. मामा, काका, मध्यस्थ यांना त्यात जागा नाही. आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं. अनेक सरकारी रुग्णालयांत अशा आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. मग साध्या शब्दांत सांगावं: मला हे आहे, मी ही काळजी घेतो, तुला काय विचारायचं ते विचार.

समोरचा नाही म्हणेल, कदाचित. तो त्याचा हक्क आहे, आणि त्या नकारानं तुमची किंमत कमी होत नाही. पण तो होकार देईल, तेव्हा तो सगळं जाणून दिलेला असेल. संसाराला अशा होकाराचा पाया लागतो.