पाऊस पडल्यावरचा दुष्काळ
(कमिटीच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या धान्यानें व चाऱ्यानें माणसें व गुरें जगलीं, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोंत. परंतु पाऊस पडला म्हणजे दुष्काळ सरला असें नव्हे. मृग लागला असतां ज्याच्या घरीं बियाणें नाहीं व गोठ्यांत बैल नाहीं, त्याचा दुष्काळ आणखी एक वर्ष लांबतो.

हें दुखणें जुनें आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं रयतेनें सावकारांच्या वह्या व रोखे जाळिले. पुढें १८८४ सालीं तगाईचा आणि १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तथापि १९५१-५२ च्या पाहणींत असें दिसलें कीं, शेतकऱ्यानें काढिलेल्या शंभर रुपयांपैकीं सरकार व सहकारी संस्था मिळून सुमारें सहाच रुपये देत. त्यानंतर १९६९ सालीं मोठ्या बँका राष्ट्राच्या झाल्या, १९९८ सालीं किसान क्रेडिट कार्ड निघालें, आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण लागत नाहीं.

मग गरीब कुणबी अजून सावकाराकडे कां जातो? कारण सात-बारावर मयत आज्याचें नांव असतें, व वारसनोंद झालेली नसते. दुसरा खंडानें जमीन करितो. परंतु कूळकायद्याच्या धास्तीनें मालक त्यास लेखी कांहीं देत नाहीं. तिसऱ्याची मागील दुष्काळांतील बाकी थकलेली असते, म्हणून नवें कर्ज मिळत नाहीं. सावकार कागद मागत नाहीं. तो त्याच दिवशीं पैसे देतो, आणि व्याज मात्र पिढ्यान् पिढ्या घेतो.

म्हणून आमची विनंति त्रिविध आहे. जमीनदारांनीं आपल्या खंडकऱ्यांस, ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करून बँकेकडे जातां येईल, अशी मोकळीक व साह्य द्यावें. व्यापाऱ्यांनीं बियाणें उधार देतांना, पीक आपल्याच आडतीस घालण्याची अट सोडावी. दात्यांनीं वारसनोंदीचे कागद, हेलपाटे व लिहिणावळ यांचा खर्च उचलावा, आणि खऱ्या नडलेल्याची थोडकी थकबाकी भागवावी.

अन्नदान एक दिवस जगवितें. वेळेवर मिळालेलें कर्ज पुढील पीक उभें करितें. मृग कोणासाठीं थांबत नाहीं. आपला हात त्यापूर्वीं पुढें यावा, एवढेंच आमचें नम्र मागणें आहे.