ऊसतोडीचा हंगाम आणि कोर्टाची तारीख



पत्रिकेप्रमाणे वडवणीला जमलेल्या वकिलांसमोर अध्यक्षांनी ग्रामीण वकिलीचा समग्र आढावा घ्यायचा आहे. ई-फायलिंग, मध्यस्थी, नवोदितांचं विद्यावेतन, १ जुलै २०२४ पासून लागू झालेले फौजदारी कायदे या सगळ्यांवर अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. अध्यक्ष मात्र कैक वर्षं मनात साठलेली एकच तक्रार मांडणार आहेत.

दिवाळीच्या मागेपुढे या तालुक्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको पोरांसह कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. तालुक्याच्या वकिलाकडे वाटणी, बांध, चेक, पोटगी असं जे काही येतं, त्यातला बराच पक्षकार हाच. निम्मं वर्ष तो घरी नसतो. नेमक्या त्याच महिन्यांत कोर्ट भरात असतं. तो परतून जरा टेकतो न टेकतो, तोच मे महिन्यात दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. पुढे निघण्याच्या धांदलीत दिवाळीची सुट्टी येते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५, नियम १७ काय सांगतो? प्रतिवादी घरी नाही, लवकर सापडण्याची शक्यता नाही आणि समन्स घेणारं दुसरं कोणी नाही, तर बेलिफाने ते दाराला चिकटवावं. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला हा नियम ठीक आहे. इथे कुलूपबंद घरावर पौषात चिकटवलेला कागद चैत्रात कोण वाचणार?

व्यासपीठावर उभ्या असलेल्या या वकिलाकडे असंच एक जोडपं आलं होतं. भावाने वाटणीचा दावा लावला होता. समन्स दाराला लागलं, बजावणी पुरेशी मानली गेली आणि दावा एकतर्फा चालवण्याचा हुकूम झाला. ते परतले तेव्हा वादीचा सरतपास उरकला होता. हुकूम रद्द करण्याचा अर्ज दिला. समोरच्या वकिलांचा सवाल होता, ‘भाऊबंद गावातच आहेत, मग कळलं कसं नाही?’ ज्या भावाने दावा लावला, तोच निरोप देईल, अशी त्यांची अपेक्षा! अर्ज मंजूर झाला, पण खर्च भरण्याच्या अटीवर. तो खर्च जोडप्याने पुढच्या हंगामाच्या उचलीतून भरला.

चेकच्या प्रकरणात तर संकट दुहेरी आहे. उचलीपोटी सही केलेला कोरा चेक मुकादमाकडे असतो. तो वटला नाही की कलम १३८ ची नोटीस निघते आणि ‘घर बंद’ या शेऱ्यानिशी परत येते. २००७ साली अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलीच असं धरता येतं. शिवाय कलम १३९ प्रमाणे चेक देणं फेडण्यासाठीच दिला, हे गृहीत. फडावर कोयता चालवणाऱ्या माणसाने ही दोन्ही गृहीतकं खोडायची कशी?

कालच्या चर्चासत्रात एका मित्राने व्हिडिओवर साक्ष घेण्याचा उपाय सुचवला. हेतू उत्तम आहे. पण या वक्त्याने असा प्रयत्न करून पाहिला आहे. साक्षीदार कर्नाटकातल्या फडावर, मुकादमाचा करारनामा वडवणीत वकिलाच्या हातात, आणि प्रश्न करारावरच्या अंगठ्याचा. फोनच्या पडद्यावर त्याला कागदच धड दिसेना. मागून गाडी भरायला हाका सुरू झाल्या. शेवटी साक्ष पुढे ढकलावी लागली.

तारखा मागणारे वकीलच खटले रेंगाळवतात, असंही याच चर्चेत ऐकायला मिळालं. आदेश १७ प्रमाणे एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी मिळू नये. महिन्याला एक तारीख धरली, तर संक्रांतीच्या आसपासच तिन्ही संपतात. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठी ही मर्यादा ओलांडता येते, हे सेलम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात आहे. पोट भरायला दोनशे-तीनशे किलोमीटर जाणं हे आवाक्याबाहेरचं कारण नाही काय? वकिलांनी हा निकाल हातात घेऊन भांडलं पाहिजे, निमूटपणे ‘पक्षकार गैरहजर’ लिहून घेऊ नये.

मराठवाड्यातल्या वकिलांना भांडणं नवं नाही. उच्च न्यायालयाचं कामकाज १९८१ साली औरंगाबादला सुरू झालं, ते मुंबईच्या फेऱ्या सोसणाऱ्या पक्षकारांसाठी. त्याला आव्हान मिळालं, पण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात औरंगाबादचं कामकाज टिकलं. त्या पिढीने कोर्ट जवळ आणलं. आजच्या पिढीकडे काम आहे ते कोर्टाच्या तारखेचं.

त्यासाठी ऊसतोड पक्षकाराच्या वकीलपत्रावर तशी नोंद असावी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र पुरावा म्हणून चालावं. त्यांच्या साक्षी जून ते सप्टेंबरात व्हाव्यात. दाराला समन्स लावण्याआधी बेलिफाने मुकादमाकडे ठावठिकाणा विचारावा, आणि मुकादमच वादी असेल तर ग्रामसेवकाकडे. बाकी तपशील बसून ठरवता येतील. जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाला पाठवायचं या मागण्यांचं निवेदन यंदाच्या गाड्या निघण्याआधी गेलं पाहिजे. मसुदा कोणी लिहायचा, ते आज संध्याकाळच्या बैठकीत ठरेल.