गावची शिरगणती आणि गावची वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



येत्या २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद करावयाचे केंद्र सरकारने २०२५ साली ठरविले. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न ऐकू येतो : आपली संख्या किती भरेल? १९३१ नंतर मूळ जनगणनेत सर्व जातींची अशी मोजदाद झालेली नाही, तेव्हा ही उत्सुकता स्वाभाविक आहे. परंतु १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन गणत्यांत दारोदार हिंडलेल्या आम्हां मास्तरांस दुसराच प्रश्न सुचतो. ही माणसे मोजली जातील ती कोठे?

आमचे गाव बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या सडकेपासून आत आहे. सडकेपर्यंत गाडीवाट आणि मध्ये एक ओढा. पहिल्या गणतीस घरे भरलेली होती. दुसरीस काही दारांवर कुलुपे दिसली. तिसरीस शेजारणीच सांगू लागल्या, "गुरुजी, ती मंडळी आता बदलापुरात असतात." कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ साली ९७,९४८ होती, ती २०११ साली १,७४,२२६ झाली. अंबरनाथ २,०३,८०४ वरून २,५३,४७५ वर गेले. निर्वासितांच्या ज्या छावणीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, तिची वस्ती पाच लाखांवर पोचली. या वाढीत मुंबईकडून आलेले पुष्कळ, हे खरे. पण आमच्या गावचेही काही त्यात आहेत.

आगगाडी या खोऱ्यातून १८५६ सालीच खोपोलीस गेली. बदलापूरहून मुंबईचे ६८ किलोमीटर दारात लटकून का होईना, माणूस रोज कापतो. सडकेपासून गावापर्यंतची वाट मात्र श्रावणात कापवत नाही! गावाच्या सोयींच्या तक्त्यात मोटारीचा थांबा पाच किलोमीटरांच्या आत, पाच ते दहा, की त्याहून लांब, एवढेच नोंदविण्याची रीत आहे. आमचे गाव 'पाचाच्या आत' बसते. त्यात खोटे काही नाही. शिरगणती फेब्रुवारीत होते आणि फेब्रुवारीत आमचा ओढा कोरडा असतो.

आमच्या शाळेत सातवीत पहिली आलेली एक मुलगी होती. पुढच्या शाळेसाठी तिला सरकारचा मोफत पास मिळाला. जून बरा गेला. जुलैत ओढा भरला. दोनदा बापाने तिला खांद्यावर घेऊन ओढा उतरविला. तिसऱ्या खेपेस तिला सडकेवरच्या ओळखीच्या घरी रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आईने दप्तर माळ्यावर टाकले. आम्ही समजूत घालावयास गेलो, तर बाप म्हणाला, "गुरुजी, तुमचं ऐकतो. पण ओढ्याला काय सांगू?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे आमच्या धाकट्या मुलीची आठवी आली, तेव्हा आम्हीही बदलापुरात बिऱ्हाड केले. २०११ च्या गणतीत आमच्याच घरास कुलूप असल्याची नोंद आम्ही आमच्या हाताने केली. ती करताना हात अडखळला, हे येथे सांगण्यास संकोच वाटत नाही.

मंडळाच्या सभागृहावर मजला चढवावयाचा विचार चालू आहे. तो चढवावा. पण त्या निधीतून पावसाळ्याचे चार महिने सडकेलगत एक खोली भाड्याने घेऊन मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था करावी आणि सोबतीस एखादी वडीलधारी बाई ठेवावी, अशी आमची सूचना आहे. ओढ्यावर साकव व्हावा म्हणून जिल्हा परिषदेकडे करावयाचा अर्जही आम्ही लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराशी टेबलावर राहील. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथे राहणाऱ्या मंडळींनीही सही करावी आणि सहीपुढे हल्लीचा पत्ता घालून खाली मूळ गावचे नाव लिहावे. आमचे आम्ही लिहिले आहे.