आगीचा डोंगर आणि आपली काळी माती

मंडळी, आपल्या अहमदपूर भागात विहीर खणताना काय लागतं? वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पत्थर. हा पत्थर आला कुठून? ते समजून घ्यायला आपण एका आगीच्या डोंगराकडे जाऊ. तो आपल्याच देशात आहे.

काळ्या पाण्याच्या शिक्षेचं अंदमान आपण ऐकून आहोत. चेन्नईहून जहाजाने किंवा विमानाने तिथल्या पोर्ट ब्लेअर शहरी जाता येतं. २०२४ साली त्या शहराचं नाव श्री विजयपुरम ठेवलं. तिथून समुद्रात सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन नावाचं बेट आहे. बॅरन म्हणजे ओसाड. तिथे माणसांची वस्ती नाही. भारतातला जागा असलेला ज्वालामुखी हा एवढाच.

हे बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून वर आलेल्या डोंगराचा माथा. पाहुण्यांनी तो बोटीतूनच बघायचा. आग केव्हा उसळेल याचा नेम नाही. दीडशेहून अधिक वर्षं हा डोंगर निजला होता. १९९१ साली तो पुन्हा पेटला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जहाजाने तिकडे गेले होते. दिवसा त्यांना नुसते राखेचे लोट दिसले. दिवस मावळला आणि डोंगराच्या तोंडातून तांबडी कारंजी उडताना दिसली. वितळलेला खडक उतारावरून ओघळत होता. या तापलेल्या रसाला लाव्हा म्हणतात.

आता आपल्या शिवारात परत येऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथेही जमिनीला लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा दुधासारखा उतू गेला, पसरला आणि निवला. मग त्यावर दुसरा थर आला. भाकरीची चवड रचावी तसे थरावर थर बसले. तोच आपला काळा पत्थर. ऊन-पावसाने तो झिजला, कुजला. त्याची काळी माती झाली. तिच्यातच आपली ज्वारी पिकते.

पण जमीन हादरली की कुणीतरी म्हणतं, 'आता ज्वालामुखी फुटणार!' मंडळी, आपल्याकडची ती आग केव्हाच विझली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा जमिनीच्या पोटातला खडक भेगेवर सरकला होता. आग कुठेच नव्हती. तरी हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली.

म्हणून ज्वालामुखीची धास्ती सोडू या आणि आपल्या भिंतींकडे पाहू या. नुसत्या चिखलात रचलेला दगड हादऱ्याला सुटतो. घर बांधताना जाणत्या माणसाला विचारावं. कोपरे नीट सांधावेत, भिंतीत पट्टा घालावा, छत हलकं ठेवावं. ज्या पत्थराने आपल्याला माती दिली, तो आपल्याच अंगावर पडू नये.