सोर्स कोड कुठाय?



गोदीत आम्ही कंटेनर हलवतो. सील मालकाचं, घाम आमचा. आत काय, ते इचारायचं नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड, माणसाला वाचता येणारा. कंपायलर त्याचे शून्य-एक करतो. यंत्राला ते कळतं, आपल्याला ठेंगा. बाजारात बहुतेक वेळा विकतात ते हे शून्य-एकच.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सच्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, कुणाला पत्ता नसायचा. रिचर्ड स्टॉलमन प्रोग्राम सुधारायला तयार होता. कोड ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. न देण्याचं वचन तो देऊन बसलेला. हात होते, अक्कल होती, कोड नव्हता.

१९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ च्या जीपीएल परवान्यात अट आली: प्रोग्राम दुसऱ्याला द्याल, तर सोर्स कोडही द्या, बदल करायला सोयीचा असेल तोच. ओपन सोर्सच्या १९९८ च्या व्याख्येतही मुद्दाम गिचमिड केलेला कोड चालत नाही.

का? 'बदला' म्हणायचं आणि वाचूच द्यायचं नाही, असला हक्क कागदावरचा. म्हणून फुकट मिळालं की हुरळू नका. आधी इचारा, सोर्स कोड कुठाय?